पब्लिक ट्रस्ट नोकरीची पार्श्वभूमी तपासणी: अमेरिकेतल्या मराठी उमेदवारांचे नेहमीचे प्रश्न

अमेरिकेच्या केंद्र सरकारी खात्यात नोकरी लागली किंवा कन्सल्टन्सीमार्फत एखाद्या खात्याचा प्रोजेक्ट मिळाला, की पाठोपाठ एक ईमेल येतो: तपासणीसाठी फॉर्म भरा. बहुतेकांची झोप उडते ती भारतातल्या आईवडिलांच्या, पुण्यातल्या फ्लॅटच्या आणि ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डाच्या विचाराने. प्रत्यक्षात अडचण येते ती विसरलेल्या पत्त्यामुळे, न भरलेल्या टॅक्स रिटर्नमुळे आणि फुगवलेल्या रेझ्युमेमुळे.

पब्लिक ट्रस्ट म्हणजे सिक्युरिटी क्लिअरन्सच ना?

नाही. रिक्रूटर सर्रास 'पब्लिक ट्रस्ट क्लिअरन्स' म्हणतात, पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लिअरन्स म्हणजे राष्ट्रीय सुरक्षेची गोपनीय माहिती पाहण्याची पात्रता. पब्लिक ट्रस्ट हा पदाचा दर्जा आहे. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाने गैरवापर केला तर सरकारी सेवेचं किंवा जनतेचं किती नुकसान होईल, हे पाहून पदाची जोखीम कमी, मध्यम किंवा उच्च ठरवतात. मध्यम आणि उच्च जोखमीची पदं ती पब्लिक ट्रस्टची. करदात्यांची माहिती, मेडिकेअरचे दावे किंवा सोशल सिक्युरिटीचा डेटाबेस हाताळणारे लोक या गटात येतात. खात्यात संवेदनशील सिस्टिमचा ॲडमिन अ‍ॅक्सेस असेल तर पद उच्च जोखमीचं ठरू शकतं.

निकषही त्यामुळे वेगळे आहेत. क्लिअरन्सचा निर्णय राष्ट्रीय सुरक्षेच्या १३ मार्गदर्शक तत्त्वांवर होतो आणि त्यात परदेशी संबंधांना स्वतंत्र स्थान आहे. पब्लिक ट्रस्टमध्ये पाहतात ती योग्यता: नोकरीतलं गैरवर्तन, गुन्हेगारी किंवा अप्रामाणिक वागणूक, अर्जात जाणूनबुजून दिलेली खोटी माहिती, दारूचा कामावर परिणाम होण्याइतका अतिरेक, अमली पदार्थ, असे मुद्दे. भारतात नातेवाईक असणं हा त्या यादीतला मुद्दा नाही.

मला नेमका कोणता फॉर्म भरायचा आहे?

कमी जोखमीच्या साध्या पदाला एसएफ-८५, पब्लिक ट्रस्टला एसएफ-८५पी आणि राष्ट्रीय सुरक्षेच्या पदाला एसएफ-८६. काही पब्लिक ट्रस्ट पदांना, उदाहरणार्थ शस्त्र बाळगावं लागणाऱ्या कामांना, एसएफ-८५पी-एस ही पुरवणी जोडतात. या सगळ्यांच्या जागी एकच प्रश्नावली आणायला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली असून तो बदल टप्प्याटप्प्याने होतो आहे. तेव्हा मित्राने दोन वर्षांपूर्वी भरलेल्या फॉर्मवरून तुमची उत्तरं ठरवू नका. आमंत्रणातून जो फॉर्म उघडेल, त्यातली प्रत्येक प्रश्नाखालची सूचना वाचा. 'गेल्या ७ वर्षांत' आणि 'आजवर कधीही' यांत फरक आहे आणि घाईत नेमका तोच नजरेतून सुटतो.

ग्रीन कार्डवर किंवा एच-१बीवर पब्लिक ट्रस्ट मिळतं का?

थेट सरकारी नोकरीसाठी, म्हणजे स्पर्धात्मक सेवेतल्या पदांसाठी, जवळजवळ सर्वत्र अमेरिकन नागरिकत्व लागतं. कंत्राटी कामाचं गणित वेगळं. तिथे प्रत्येक खात्याची आणि प्रत्येक कंत्राटाची अट स्वतंत्र असते. काही खाती ग्रीन कार्डधारक घेतात, पण गेल्या ५ वर्षांपैकी किमान ३ वर्षं अमेरिकेत वास्तव्य हवं, अशी अट बऱ्याच ठिकाणी दिसते. होमलँड सिक्युरिटीसारख्या खात्यात संगणक प्रणालीचा अ‍ॅक्सेस हवा असेल तर नागरिकत्वच मागतात. एच-१बीवर दारं फारच थोडी उघडी असतात.

रिक्रूटरने 'चालेल' म्हटलं म्हणून सध्याची नोकरी सोडू नका. कंत्राटातली नागरिकत्वाची आणि वास्तव्याची अट लेखी मागा. वास्तव्याची अट आईवडिलांच्या आजारपणासाठी वर्षभर भारतात राहून आलेल्या माणसाला अचूक नडते, कारण तो काळ त्याच्या हिशेबात 'सुट्टी' असतो आणि खात्याच्या हिशेबात परदेशी वास्तव्य.

मी स्वतःच आधी पब्लिक ट्रस्ट काढून ठेवू शकतो का?

नाही. खात्याने किंवा कंत्राटदार कंपनीने पुढे केल्याशिवाय तपासणी सुरूच होत नाही. तिचा खर्च खातं करतं, उमेदवाराने एक डॉलरही भरायचा नसतो. 'आम्ही पब्लिक ट्रस्ट करून देतो, अमुक फी' असं कुणी सांगत असेल तर ती फसवणूक आहे. त्या माणसाला सोशल सिक्युरिटी नंबर देऊ नका.

ऑफर हातात पडल्यापासून रुजू होईपर्यंत काय काय घडतं?

आधी सशर्त ऑफर येते. थेट नोकरी असेल तर ओएफ-३०६ हे जाहीरपत्र भरून घेतात. मग खात्याचं सिक्युरिटी ऑफिस तुम्हाला ईॲप या ऑनलाइन प्रणालीत घालतं. जुनी ई-क्विप आता बंद झाली आहे. फॉर्म भरायला मोजके दिवस मिळतात, मुदत ईमेलमध्ये असते. फॉर्मसोबत माहिती मिळवण्याचं संमतिपत्र आणि क्रेडिट रिपोर्टची संमती यांवर डिजिटल सही करावी लागते. बोटांचे ठसे वेगळे देता.

सिक्युरिटी ऑफिस फॉर्म चाळतं आणि काही अर्धवट दिसलं तर परत पाठवतं. नंतर तो संरक्षण विभागाच्या डीसीएसए या संस्थेकडे जातो. ऑक्टोबर २०१९ पासून केंद्र सरकारच्या बहुतेक पार्श्वभूमी तपासण्या तीच करते. एफबीआयच्या नोंदी, क्रेडिट, पोलीस आणि कोर्टाच्या नोंदी, नोकरी आणि शिक्षण तपासून डीसीएसए अहवाल बनवते. निर्णय मात्र डीसीएसए देत नाही, तो तुमचं खातं देतं. म्हणून 'तपासणी पूर्ण झाली' आणि 'मंजूर झालं' यांमध्येही काही आठवडे जाऊ शकतात.

रुजू होण्यासाठी मात्र अंतिम निकालापर्यंत थांबावं लागतंच असं नाही. ठसे स्वच्छ आले आणि फॉर्ममध्ये खटकणारं काही नसलं तर अनेक खाती तात्पुरत्या मंजुरीवर काम सुरू करू देतात. अंतिम निर्णय प्रतिकूल आला तर ती मंजुरी जाते, हे लक्षात ठेवून घर किंवा राज्य बदलण्याचा निर्णय घ्या.

फॉर्म उघडण्याआधी काय जमवून ठेवावं?

सर्व पासपोर्ट, जुने रद्द झालेलेही. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र किंवा ग्रीन कार्ड. ७ वर्षांचे पत्ते महिना-वर्षासह. तेवढ्याच काळातल्या नोकऱ्या, प्रत्येक ठिकाणच्या सुपरवायझरचं नाव, फोन, ईमेल. डब्ल्यू-२ फॉर्म, म्हणजे कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा दाखला. टॅक्स ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे भरलेल्या रिटर्नचा सरकारी उतारा. तिन्ही क्रेडिट ब्युरोंचे रिपोर्ट. पती किंवा पत्नीच्या जन्माचे आणि नागरिकत्वाचे तपशील. कोर्टाची कागदपत्रं असतील तर त्यांच्या प्रती.

पत्ते आठवत नसतील तर जुनी टॅक्स रिटर्न्स, लीज, ॲमेझॉनच्या ऑर्डरमधले डिलिव्हरी पत्ते आणि क्रेडिट रिपोर्ट यांतून जवळजवळ सगळं सापडतं. प्रवासाच्या तारखांसाठी सीबीपी या सीमा तपासणाऱ्या खात्याच्या आय-९४ (प्रवेशनोंद) संकेतस्थळावर तुमच्या येण्याजाण्याची यादी मिळते. ती पासपोर्टवरच्या शिक्क्यांशी ताडून पाहा, कारण त्या यादीत क्वचित एखादी फेरी गाळलेली असते.

माझी नावं वेगवेगळ्या कागदांवर वेगळी आहेत. काय लिहू?

आपल्याकडे हा सगळ्यात मोठा घोळ असतो. 'वापरलेली इतर नावं' हा रकाना मराठी माणसाने, विशेषतः लग्न झालेल्या स्त्रीने, सावकाश भरावा. समजा माहेरी नाव वैशाली, मधलं नाव वडिलांचं. लग्नात नाव ठेवलं गौरी, मधलं नाव नवऱ्याचं झालं, आडनाव बदललं. दहावीची गुणपत्रिका, पदवी आणि पहिला पासपोर्ट वैशाली नावाने. दुसरा पासपोर्ट, व्हिसा आणि सोशल सिक्युरिटी कार्ड गौरी नावाने. अमेरिकेत नोकरी करताना मधलं नाव गळालं. ही तीन स्वतंत्र नावं आहेत. तिन्ही लिहायची, प्रत्येकाचा कालावधी द्यायचा आणि 'लग्नानंतरच्या प्रथेनुसार नाव बदललं' एवढं एक वाक्य कारणाच्या जागी टाकायचं. ज्या नावाने विद्यापीठ पदवीची नोंद शोधेल ते नाव फॉर्ममध्ये नसेल तर उत्तर येतं: अशी विद्यार्थिनी नाही.

गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापलेलं असतं, काहींच्या व्हिसावर पहिल्या नावाची जागा रिकामी असते. स्पेलिंगही बदलतं. एखादं वेगळं स्पेलिंग अधिकृत कागदावर असेल तर तेही इतर नावांत घाला. घरातलं बाळ्या-पिंकी हे नाव कुठल्याही कागदावर नसेल तर त्याची गरज नाही.

शाळेत १ जून जन्मतारीख लावली होती. खरी वेगळी आहे.

फॉर्मवर अमेरिकेतल्या तुमच्या कायदेशीर कागदांवर आहे तीच तारीख द्या. जन्मदाखल्यावर दुसरी तारीख असेल तर टिप्पणीच्या जागेत थोडक्यात खुलासा करा: शाळाप्रवेशाच्या वेळी तारीख अंदाजे नोंदवली गेली, पुढचे सगळे कागद तिच्यावरून झाले.

जन्मगावाचंही तसंच. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे जन्म आजोळच्या गावात आणि पासपोर्टवर मात्र वडिलांचं शहर, असं अनेकांचं असतं. जिल्हेही बदलले. पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा झाला, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. जुन्या कागदावर छापलं आहे ते नाव द्या आणि आजचं नाव टिप्पणीत लिहा.

पत्त्यांमध्ये खंड पडला तर?

फॉर्म पुढेच जात नाही. प्रत्येक महिन्याला तुम्ही कुठेतरी राहत होतात, हे दिसलंच पाहिजे. पोस्ट ऑफिसची पेटी चालत नाही. एक्स्टेंडेड स्टे हॉटेल, मित्राच्या बेसमेंटमधले तीन महिने, प्रोजेक्टसाठी दुसऱ्या राज्यात भाड्याने घेतलेली खोली, सगळं लिहायचं. कुटुंब न्यू जर्सीत आणि तुम्ही सोमवार ते गुरुवार दुसऱ्या शहरात, असं वर्षभर चाललं असेल तर कायमचा पत्ता न्यू जर्सीचा आणि तात्पुरता पत्ता वेगळा, तसं स्पष्ट करा.

अलीकडच्या पत्त्यांसाठी तुम्ही तिथे राहत होतात हे सांगू शकेल अशा व्यक्तीचं नाव मागतात. शेजारी किंवा घरमालक उत्तम. भारतातल्या पत्त्यासाठी शक्यतो आज अमेरिकेत असलेला, पण त्या काळात तुम्हाला तिथे भेटलेला माणूस द्या. सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत पोचणं तपास अधिकाऱ्याला अवघड जातं आणि फाइल तिथेच पडून राहते.

मी कन्सल्टन्सीच्या पगारावर, काम क्लायंटकडे. नोकरीच्या रकान्यात कोण?

ज्याने पगार दिला, डब्ल्यू-२ ज्याच्या नावाचा, तो एम्प्लॉयर. क्लायंट हा कामाचं ठिकाण. उदाहरण घ्या. कन्सल्टन्सी न्यू जर्सीत, तुम्ही ओहायोत एका विमा कंपनीच्या ऑफिसात बसत होता. नोंद कन्सल्टन्सीच्या नावाने करायची, तिचा पत्ता द्यायचा, प्रत्यक्ष कामाचा पत्ता म्हणून ओहायोचं ऑफिस द्यायचं. सुपरवायझर म्हणून तुमचं रोजचं काम खरोखर पाहणारा माणूस द्या. तो क्लायंटचा असेल तर तसं टिप्पणीत लिहा, आणि कन्सल्टन्सीच्या एचआरचा फोनही द्या.

इथे बिघडतं ते असं: उमेदवार मोठ्या क्लायंटचं नाव एम्प्लॉयर म्हणून लिहितो, कारण रेझ्युमेवर तसंच असतं. अधिकारी त्या विमा कंपनीच्या एचआरला विचारतो. त्यांच्या पेरोलवर हे नाव कधीच नव्हतं, त्यामुळे ते 'आमच्याकडे नोंद नाही' म्हणतात. खरी नोकरी खोटी दिसू लागते आणि मुलाखत मागे लागते.

बेंचवर, म्हणजे दोन प्रोजेक्टच्या मध्ये, असताना पगार चालू असेल तर नोकरी चालूच धरायची. पगार बंद होता तर तो काळ बेरोजगारीचा म्हणून स्वतंत्र नोंदवायचा, आणि त्या काळात तुमचं काय चाललं होतं हे सांगणारा माणूस द्यायचा. त्या वेळी व्हिसाची स्थिती काय होती, असा पुढचा प्रश्न येऊ शकतो. त्याचे कागद हाताशी ठेवा.

नोकरीतून काढलं, 'काढणार आहोत' म्हटल्यावर तुम्ही राजीनामा दिला, किंवा आरोपांनंतर आपसांत ठरवून बाहेर पडलात, हेही विचारतात. सर्वसाधारण ले-ऑफ हा गैरवर्तनाचा ठपका नाही. पण ले-ऑफ म्हणून लिहिलं आणि कंपनीच्या नोंदीत कामगिरीमुळे काढल्याचं निघालं, तर मूळ कारणापेक्षा हा फरक महागात पडतो.

रेझ्युमेत दोन वर्षांचा अनुभव 'ॲडजस्ट' केलेला आहे. फॉर्ममध्ये तोच लिहू का?

अजिबात नाही. फॉर्मवर सही करताना तुम्ही माहिती खरी असल्याचं प्रमाणित करता. सरकारला जाणूनबुजून खोटं सांगणं हा केंद्रीय गुन्हा आहे आणि त्याला ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फॉर्ममध्ये खरंच लिहा.

मग रेझ्युमे आणि फॉर्म जुळणार नाहीत, हेही खरं. ज्या कंपनीने तुमच्या नावाने फुगवलेला रेझ्युमे पाठवला तिला लेखी कळवा, खरा रेझ्युमे द्या आणि तो खात्यापर्यंत पोचल्याची खात्री करा. प्रोजेक्ट हातचा जाऊ शकतो. नागरिकत्वाच्या वाटेवर असलेल्या माणसासाठी सरकारी फाइलमधली खोट त्याहून कितीतरी जड असते, कारण ती पुढे इमिग्रेशनच्या अर्जातही समोर येऊ शकते. 'सगळे असंच करतात' असं कन्सल्टन्सीवाले सांगतील. सही तुमची असते, त्यांची नसते.

आईवडील भारतात, पुण्यात फ्लॅट, एनआरई खातं. नाकारतील का?

या कारणांनी नाही. विचारलं तिथे नावं, जन्मदेश, नागरिकत्व सरळ लिहा. दर रविवारी आईशी व्हिडिओ कॉल होतो, यात दडवण्यासारखं काही नाही. चुलत-मावस भावंडांची अख्खी यादी द्यायची नसते, फॉर्म ज्या नात्यांची नावं मागतो तेवढीच द्या.

पैशाच्या बाबतीत खरी जागा टॅक्सची आहे. एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या रुपया खात्यातल्या, ठेवीचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी अमेरिकेत करपात्र आहे, आणि हे न दाखवणारे खूप आहेत. वर्षात कुठल्याही दिवशी परदेशी खात्यांची एकत्रित शिल्लक १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अहवाल, भरावा लागतो. फ्लॅटचं भाडंही अमेरिकेच्या रिटर्नमध्ये दाखवायचं असतं. हे राहिलं असेल तर फॉर्म भरण्याआधी दोन्ही देशांचे नियम जाणणाऱ्या सीपीएला भेटा आणि दुरुस्ती सुरू करा. स्वतःहून दुरुस्ती करणारा आणि विचारल्यावर सापडलेला, यांच्याकडे पाहण्याची नजर वेगळी असते.

ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व का?

नाही. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. अमेरिकन नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय नागरिकत्व कायद्याने संपतं. ओसीआय हा दीर्घ मुदतीचा प्रवेश आणि काही सवलती देणारा दर्जा आहे. दुहेरी नागरिकत्वाचा रकाना त्यानुसार भरा आणि ओसीआय असल्याचं टिप्पणीत नोंदवा. परदेशी पासपोर्टबद्दल विचारलं असेल तिथे जुन्या भारतीय पासपोर्टचा तपशील द्या, आणि तो जमा करून घेतलेल्या सरेंडर सर्टिफिकेटची प्रत जवळ ठेवा. नागरिक झाल्यानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास केला असेल तर ते दडवू नका.

सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये नाव नोंदवलं नव्हतं. फरक पडतो?

आपल्या मुलांना हा मुद्दा फार उशिरा कळतो, म्हणून नीट वाचा. १८ ते २५ वयातल्या पुरुषांना सिलेक्टिव्ह सर्व्हिसची, म्हणजे सक्तीच्या सैन्यभरतीची वेळ आलीच तर वापरायच्या यादीतली, नोंदणी लागू होते, आणि ती नागरिकांप्रमाणे ग्रीन कार्डधारकांनाही लागू आहे. वयाच्या १९ व्या वर्षी आईवडिलांबरोबर ग्रीन कार्ड मिळालेला मुलगा यात येतो. २६ पूर्ण झाले की नोंदणीचं दार बंद. त्यानंतर केंद्र सरकारी नोकरीसाठी त्याला दाखवावं लागतं की त्याने जाणूनबुजून टाळलं नव्हतं.

२६ पर्यंत सलग वैध एफ-१, एच-४ किंवा एच-१बीवर असलेल्याला, आणि २६ नंतर अमेरिकेत आलेल्याला, नोंदणी लागू नव्हती. पण ते सिद्ध करायला व्हिसा, आय-९४, आय-२० हे कागद लागतात. सिलेक्टिव्ह सर्व्हिसकडून तुमच्या स्थितीचं पत्र मागवता येतं. ते आधीच काढून ठेवा. मुलगा अजून २५ चा असेल तर आजच नोंदणी करून टाका.

क्रेडिट स्कोअर किती लागतो?

स्कोअरला कुणी विचारत नाही. पाहतात ते थकलेलं देणं, कलेक्शनला गेलेली बिलं, दिवाळखोरी, १२० दिवसांहून जास्त रखडलेली कर्जं, न भरलेला कर आणि सरकारचंच थकवलेलं कर्ज. आजारपणातलं हॉस्पिटलचं बिल आणि बेफिकिरीने उडवलेली क्रेडिट कार्डं यांत फरक करतात, पण तो तुम्ही कागदावर दाखवायला हवा. हप्ते बांधून घेतलेले असतील तर कराराची प्रत आणि शेवटचे काही भरणा-पुरावे ठेवा. मित्राच्या कारलोनवर को-साइन केलं असेल तर त्याची थकबाकी तुमच्याही रिपोर्टवर दिसते, ते आधी पाहून घ्या.

क्रेडिट फ्रीझ, म्हणजे रिपोर्ट कुणाला दिसू नये म्हणून घातलेली बंदी, लावला असेल तर एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन तिन्हीकडे तो तपासणीपुरता उठवा. नाहीतर रिपोर्ट मिळत नाही आणि फाइल थांबते.

भारतात माझ्यावर गुन्हा नोंदला होता. तो अमेरिकेत सांगायचा?

विचारलेल्या कालावधीत येत असेल तर हो. पोलीस नोंदींचा प्रश्न अमेरिकेपुरता नसतो. भावाच्या घटस्फोटात अख्ख्या कुटुंबाचं नाव ४९८अ (विवाहितेच्या छळाचं कलम) खाली एफआयआरमध्ये गेलं, असे प्रसंग आपल्याकडे घडतात. जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे. प्रश्नाची भाषा पाहा: अटक, आरोप, समन्स, शिक्षा यांपैकी काय विचारलं आहे. लागू होत असेल तर एफआयआर, आरोपपत्र आणि हायकोर्टाने तो रद्द केला असल्यास तो आदेश इंग्रजी भाषांतरासह जोडून ठेवा. रद्द झालेला गुन्हा कागदांसह सांगितला तर बहुधा तिथेच मिटतो.

अमेरिकेत सील (कोर्टाने बंद केलेल्या) किंवा एक्सपंज (पुसून टाकलेल्या) झालेल्या नोंदीही, थोडे अपवाद सोडता, सांगाव्या लागतात. किरकोळ ट्रॅफिक दंड साधारणपणे वगळता येतो, पण दारू किंवा ड्रग्जचा संबंध असेल तर नाही. वकिलाने 'केस संपली, विसरून जा' म्हटलं म्हणून गाळू नका, त्याला तुमच्या स्थानिक कोर्टापुरतंच म्हणायचं असतं.

आमच्या राज्यात गांजा कायदेशीर आहे.

ही तपासणी केंद्रीय कायद्याने चालते. राज्याची परवानगी इथे बचाव ठरत नाही. विचारलेल्या काळात वापर केला असेल तर तसं सांगा. कधीतरी केलेला, थांबवलेला आणि मान्य केलेला वापर बहुतेक वेळा पदाच्या संदर्भात तोलला जातो. ऑफर मिळाल्यानंतरही चालू ठेवलेला वापर वेगळं बोलतो.

मुलाखत होते का?

उच्च जोखमीच्या पदाला धरून चाला. मध्यम जोखमीच्या पदाला काही विसंगत किंवा प्रतिकूल दिसलं तरच होते. अधिकारी बॅज आणि ओळखपत्र दाखवतो, ते नीट पाहा. फॉर्मच्या रकान्यांतून तो क्रमाने जातो. फॉर्मची प्रत समोर ठेवा, म्हणूनच सबमिट करण्याआधी ती उतरवून घेणं गरजेचं. चूक राहिली असेल तर त्याने विचारायची वाट पाहू नका, सुरुवातीलाच सांगा. आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणा. अंदाजाने तारीख ठोकून दिलीत तर ती तुमचं विधान म्हणून लिहिली जाते.

मित्राने माझं नाव रेफरन्स म्हणून दिलंय. काय विचारतील?

तुमची ओळख कधीपासून, किती भेटता, त्याची वागणूक, दारू, पैशाचे व्यवहार, सरकारी पदासाठी तुम्ही त्याची शिफारस कराल का. त्याला मदत म्हणून भर घालू नका, आणि मराठी संकोचाने 'तसा बरा आहे' असंही म्हणू नका. थेट बोला. तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर किंवा बँक तपशील कुणी मागत असेल तर तो तपास अधिकारी नव्हे.

स्वतःच्या फॉर्मसाठी उमेदवाराने रेफरन्स म्हणून तिघं असे निवडावेत की त्यांच्या ओळखीचा काळ मिळून ७ वर्षं भरतील. नातेवाईक आणि जोडीदार चालत नाहीत. महाराष्ट्र मंडळातली ओळख चालते, पण तिघंही एकाच व्हॉट्सॲप ग्रुपमधले नकोत. त्यांना आधी कळवा, नाहीतर अनोळखी नंबर म्हणून ते फोन उचलत नाहीत.

बोटांचे ठसे उमटत नाहीत, असं सांगितलं.

वय, कोरडी त्वचा, रसायनांचं किंवा धुण्याभांड्याचं काम यांमुळे रेषा पुसट होतात. आधीचे काही दिवस रोज मॉइश्चरायझर लावा, ठशाच्या वेळी मात्र हात स्वच्छ आणि कोरडे ठेवा. हातावर मेंदी काढली असेल तर ती उतरल्यावर वेळ घ्या. ठसे पुन्हा नाकारले गेले तर एफबीआयकडे नावावरून शोध घेता येतो.

सबमिट केल्यावर चूक कळली. आता?

प्रमाणित केल्यावर तुम्हाला स्वतःला फॉर्म बदलता येत नाही. त्याच दिवशी सिक्युरिटी ऑफिसला ईमेल करा: कोणता रकाना, काय लिहिलं, काय हवं होतं. फॉर्म डीसीएसएकडे गेला नसेल तर परत उघडून देतात, गेला असेल तर दुरुस्ती फाइलला जोडतात. त्या ईमेलची प्रत ठेवा. चूक जाणूनबुजून नव्हती, याचा तो पुरावा असतो.

किती दिवस लागतात?

काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत. उशीर बहुधा याच कारणांनी होतो: परदेशी वास्तव्य, बंद पडलेली कन्सल्टन्सी, उत्तर न देणारा सुपरवायझर, नाकारलेले ठसे. बंद कंपनीसाठी डब्ल्यू-२, पे-स्टब आणि ऑफर लेटर यांच्या प्रती तयार ठेवा. विचारणा डीसीएसएकडे न करता तुमच्या खात्याच्या किंवा कंपनीच्या सिक्युरिटी ऑफिसरकडे करा.

नाकारलं तर अपील करता येतं का?

निर्णयाआधी बहुधा खुलासा मागणारं पत्र येतं. तेच सगळ्यात मोलाचं. मुद्दा क्रमांकानुसार उत्तर द्या, प्रत्येकाला कागद जोडा, मुदत पाळा. घटना किती जुनी, तेव्हा तुमचं वय काय, गांभीर्य किती, नंतर सुधारणा झाली का, या गोष्टी नियमानेच विचारात घ्यायच्या असतात, तेव्हा त्यांवरच लिहा. भावनिक पानं भरू नका.

थेट सरकारी पदाच्या बाबतीत अपील कुठे आणि किती दिवसांत, हे निर्णयाच्या पत्रातच असतं. काही प्रकरणांत ३ वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते, म्हणून अशा पत्रावर सरकारी नोकरीचे खटले लढणाऱ्या वकिलाचा सल्ला घ्या. कंत्राटी माणसाचे हक्क बरेच तोकडे असतात. खातं कंपनीला 'हा नको' म्हणून कळवतं आणि कारण समजायलाही पाठपुरावा करावा लागतो.

एका खात्याची मंजुरी दुसऱ्या खात्यात चालते का?

तपासणी त्याच किंवा वरच्या पातळीची असेल, मध्ये फार खंड पडला नसेल आणि नवं काही प्रतिकूल नसेल तर दुसरं खातं ती मान्य करू शकतं. २४ महिन्यांहून जास्त खंड पडला तर नव्याने करावी लागेल असं धरा. पूर्वी दर ५ वर्षांनी फेरतपासणी व्हायची. आता तिच्या जागी सतत पडताळणी येते आहे, म्हणजे अटक किंवा मोठी थकबाकी नोंदली गेली की खात्याला आपोआप सूचना मिळते. घडलेलं तुम्ही आधी कळवलेलं बरं.

माझी तपासणी फाइल मला बघता येते का?

येते. प्रायव्हसी ॲक्टखाली डीसीएसएकडे लेखी मागणी करायची, ओळख पटवणारे कागद जोडायचे. इतरांची गोपनीयता जपण्यासाठी काही मजकूर झाकलेला असतो. नकार आला असेल, किंवा पुढच्या वेळी आणखी वरच्या पातळीची तपासणी होणार असेल, तर ही फाइल आधी मागवा आणि नवा फॉर्म भरताना शेजारी ठेवा. जुन्या फॉर्ममध्ये २०१६ चा पत्ता मार्चपर्यंत होता आणि नव्यात जूनपर्यंत आला, तर अधिकारी त्याच तीन महिन्यांबद्दल विचारतो.